सुईणीचा बाप्तिस्मा

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल, तेव्हा मुळशी तालुक्यात, माणच्या पलीकडच्या एका गावात मला सरकारी नर्सची नेमणूक मिळाली. मी चोवीस वर्षांची आणि गावात एकटीच ख्रिस्ती. उपकेंद्राच्या एका खोलीत दवाखाना, दुसरीत मी. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, आमच्या चर्चचे पाळकसाहेब पुण्याहून एसटीने येत आणि माझ्या खोलीत प्रार्थना घेत. जवळच्या गावांतली दोन ख्रिस्ती शिक्षकांची कुटुंबं तेवढी त्यासाठी चालत येत.

गावची सुईण पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होती. पन्नाशीची विधवा, अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापलेली. मी तिला मावशी म्हणायचे. प्रार्थनेच्या वेळी ती आधी दारात बसायची, मग आत बसू लागली. गर्दीत शिरून येशूच्या वस्त्राच्या टोकाला हात लावून बरी होणाऱ्या आजारी बाईची गोष्ट तिने मला चारदा सांगायला लावली. "बारा वरसं अंगावरून जात हुतं तिच्या?" ती विचारायची. असल्या बायका तिने पाहिल्या होत्या.

एक दिवस कात्र्या उकळत असताना ती म्हणाली, "बाई, मला तुमच्यात घ्या."

"का, मावशी?"

"मला त्यो आवडला."

"आणि घरचे?"

"दीर दोन दिस बोलंल, मंग गप बसंल. माझं मी बघते."

पुढच्या शनिवारी मी तिला पाळकसाहेबांसमोर बसवलं. माणूस सज्जन. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "देवाने तुम्हाला बोलावलंय असं कशावरून वाटतं?"

"मला कुनी बोलावलं न्हाई. माझी मी आले."

शिक्षकांनी माना खाली घातल्या. पाळकसाहेबांनी तिला समजावलं की माणूस आपल्या इच्छेने देवाकडे येऊच शकत नाही. कुणाचं तारण व्हायचं, म्हणजे पापातून कुणाला सोडवायचं, हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलेलं असतं, आणि त्यांनाच तो विश्वास देतो.

"गर्दीतल्या त्या बाईला कुनी बोलावलं हुतं?" मावशीने विचारलं.

"तिचा विश्वासही देवानेच दिलेला होता."

"मंग मला बी त्यानंच दिला आसंल."

मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. पाळकसाहेब हसले. "असेल. ते स्पष्ट दिसेपर्यंत थांबू या."

हे थांबणं दोन वर्षं चाललं. दर महिन्याला ती विचारायची आणि ते थांबा म्हणायचे. एकदा एसटीची वाट बघताना मी त्यांना गाठलं.

"साहेब, तिने अजून काय करायला हवं?"

"काहीच नाही. करण्याने तारण मिळत नाही."

"मग तिला अडवता कशाला?"

"घाईने मी पुष्कळ बाप्तिस्मे दिलेत, बाळ. त्यातले बहुतेक वर्षभरात परत गेले."

"म्हणजे ही तुमची धास्ती झाली. देवाची निवड नव्हे."

"राग आवर," एवढं म्हणून ते गाडीत चढले.

शेजारच्या जांबे गावी एक अवघड बाळंतपण उरकून आम्ही दोघी बांधावरून परत येत होतो, तेव्हा मावशी आपणहून म्हणाली, "पोर कवा यायचं त्ये आपल्या हातात न्हाई. पर आईनं कळच दिली न्हाई तर त्ये येतं व्हय? दोन्ही लागतं, बाई."

हे मी जसंच्या तसं पाळकसाहेबांपुढे ठेवलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "छान बोलली. पण पापात माणूस मेलेला असतो, आणि मेलेला कळ कशी देणार?" मेलेली बाळं मी हातात घेतली होती. ही बाई मेलेली नव्हती, एवढंच मला कळत होतं, आणि तेवढ्याने वाद जिंकता येत नव्हता.

तिसऱ्या वर्षी, भाताची आवणी चालू असताना, कसं कुणास ठाऊक, पाळकसाहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात देऊ बाप्तिस्मा." मी तशीच चिखल तुडवत खाचरापाशी गेले. मावशी वाकून रोपं लावत होती. मी सांगितलं, तरी तिने हात थांबवला नाही.

"आता नगं."

"अहो, का?"

"दोन वरसं त्यो न्हाई म्हनला, मी ऐकलं. आता मी न्हाई म्हनते, त्यानं ऐकावं."

"देव नाही म्हणाला नव्हता, मावशी. पाळक म्हणाले."

"देव कवा बोलला माझ्यासंगं? पाळकच बोललं."

महिनाभर मी तिच्या मागे लागले. ती हलली नाही.

पाळकसाहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. मग ते म्हणाले, "म्हणजे ती निवडलेली नव्हती. थांबलो ते बरं झालं."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. "तुम्ही दोन वर्षं तिला दारात ताटकळत ठेवलंत, म्हणून ती नाही म्हणाली."

"तेही त्याच्याच योजनेत असेल."

तिने होकार दिला असता तर ती निवडलेली ठरली असती. नकार दिला, तर नव्हती. मग त्या बाईने काहीही केलं असतं तरी काय फरक पडणार होता? हे मी त्यांना विचारलं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि मी नाइलाजाने मान खाली घातली.

मावशीने प्रार्थनेला यायचं मात्र सोडलं नाही. बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणारी प्रभुभोजनाची भाकर पुढे आली की ती उठून बाहेर जायची. कुणी तिला थांबवलं नाही, मीसुद्धा नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. जायच्या दिवशी मी तिला विचारलंच, तुमचं तारण झालं असं वाटतं का? ती म्हणाली, "त्ये तुमी आन् पाळक बघा. मला खालच्या वाडीतली बाळंतीण बघायचीय," आणि चालू पडली.

मी अजून चर्चला जाते. पाळकसाहेबांशी मनातल्या मनात भांडते, आणि दरवेळी तेच जिंकतात, कारण त्यांची बाजू हरूच शकत नाही अशी बांधलेली आहे. माझा राग नेमका त्या बांधणीवर आहे, आणि तो कुणापुढे मांडायचा हे मला आजही कळलेलं नाही.