मी जपून ठेवलेली बेसबॉल कार्डं

मंडळी, आज स्वतःचाच भयंकर राग आलाय.

आम्ही इथलं, अमेरिकेतलं, श्रूजबरीचं घर विकतोय. आवरताना मुलाची, रोहनची, लहानपणी जमवलेली, बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं सापडली. तो फोनवर म्हणाला, "फेकून द्या, बाबा." मला वाटलं, या पोरांना कशाची किंमतच नाही. तडक जुनी कार्डं चांगल्या किमतीला घेणाऱ्या दुकानात गेलो.

दुकानदाराने विचारलं, "ही लॅमिनेट कोणी केली?"

"मी!" छाती फुगवून सांगितलं. रोहनच्या दहाव्या वाढदिवसाचं सरप्राइज होतं ते. मार्कशीटपासून जन्मदाखल्यापर्यंत आपण सगळं लॅमिनेट करूनच जपतो ना!

"प्लॅस्टिक चिकटलं की कार्ड गेलं," तो म्हणाला. "यातलं एकही कोणी घेणार नाही."

पार्किंग लॉटमधूनच रोहनला फोन लावला. "तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"यू वेअर सो हॅपी, बाबा."

त्यानंतर त्याने एकही कार्ड घरी आणलं नव्हतं. आणि मी मूर्ख, प्रत्येक पार्टीत सांगत होतो की नाद सुटला, पोरगा अभ्यासाला लागला.

तुमचा आनंद मोडू नये म्हणून तुमच्या मुलांनी काय काय गिळलंय? विचारायची हिंमत आहे?