लाभ म्हणून मोजलेला पहिला बुश

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेवढी सवडही नव्हती. आमच्या भागात अंधार पडला की माणसं वाघाला भितात, भुताची पाळीच येत नाही. कुणी काही सांगायला लागलं की मी म्हणायची, "बाप्पा, आधी जेवून घे, मग सांग." जेवल्यावर निम्मी भुतं जातात... तर अशी मी. या सदरातले अनुभव मोबाइलवर वाचते, आणि दर वेळी वाटतं, आपणही लिहावं. मग लाज वाटते. भीती नाही हं, लाजच. पुढे वाचाल तर का ते कळेल.

मूल गावाहून सावली गावाकडे जाणारा रस्ता आहे ना, त्याला लागूनच आमचं छोटं वर्कशॉप आहे. धानाचे थ्रेशर बनवतो, राइस मिलचे सुटे भागही करतो. यजमान गेल्यापासून मी आणि पुतण्या नितीन मिळून बघतो. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण बेअरिंग बोटावर फिरवलं की चांगलं की घासलेलं ते सांगते. लेथवर शंकरभाऊ. आणि स्टोअरमध्ये, म्हणजे बुश, बेअरिंग, पुली, नट-बोल्ट यांच्या डब्यांमध्ये, सुमन. चाळिशी ओलांडलेली, कामाला चोख, हसायला मोकळी. बसने यायची, अर्ध्या तासावरच्या खेड्यातून.

मार्च आला की बँकेचा माणूस स्टॉक पाहायला येतो, म्हणून त्याआधी आम्ही सगळं सामान हाताने मोजतो. आमची मोजायची एक रीत आहे. यजमान धानवाल्या घरचे. खळ्यावर धान मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन... असं. तीच रीत त्यांनी स्टोअरमध्ये आणली. कुंकवाची वाटी ठेवायची, डब्याला टिकली लावायची, मग एकाने 'लाभ' म्हणत पहिला नग पोत्यावर ठेवायचा आणि पुढे मोठ्याने मोजत दहा-दहाच्या ओळी मांडायच्या. 'लाभ' नेहमी सुमन म्हणायची. तिच्या हाताला बरकत आहे असं यजमान म्हणत.

या मार्चमध्ये मोजणी सुरू झाली आणि पहिल्याच डब्यात घोळ. पितळी बुशचा, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या कड्यांचा डबा. सुमनने तोंडाने मोजलं ते डब्याच्या स्टॉक-कार्डावरच्या आकड्याशी बरोबर जुळलं. पण ओळी पाहिल्या तर शेवटच्या ओळीत एक कमी. असू दे म्हटलं, चुकली असेल. दुसरा डबा, बेअरिंगचा — तसंच. बोलण्यात पुरे, मांडणीत एक कमी. तिसराही तसाच.

शंकरभाऊ लेथवरून म्हणाला, "वाघानं नेलं असन, बाई. आजकाल तो काहीबी नेते."

आम्ही हसलो. सुमनही हसली. नितीन मात्र हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, चोर शहाना असन तर एकदम नाई नेत. तोंडानं पुरं मोजते, एक पदरात टाकते. पितळ हाय. भंगारवाला लगेच घेते."

"सुमन?" मी म्हटलं. "काहीतरीच बोलून राह्यला."

"मंग तिची पिशवी काऊन एवढी फुगली हाय? आठ दिवसांपासून पाहून राह्यलो."

पिशवी फुगलेली होती, हे खरं होतं. आता तुम्ही विचाराल, एवढ्या वर्षांची बाई, सरळ विचारायचं ना? तेच तर. विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "सुमन, पिशवी दाखव."

ती उठली नाही. नुसतं वर पाहिलं. "तुमी म्हणून राह्यल्या, बाई?"

"हो."

तिने पिशवी उलटी केली. मोहफुलं पडली. पहाटे झाडाखाली वेचून ती तशीच कामावर येत होती, घरी ठेवायला गेली तर बस चुकायची. सगळ्या स्टोअरमध्ये मोहाचा गोड वास पसरला. एक फणी पडली. मग तिने जेवणाचा डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. भात आणि अंबाडीची भाजी, अजून हात न लावलेली. "याच्यातबी पाहा," म्हणाली. फुलं पिशवीत भरली आणि निघून गेली. डबा तिथेच राहिला.

तेव्हाच माझं मन खायला लागलं होतं. पण मला वाटलं, येईल उद्या, समजावू. भात गाईला घातला, डबा घासून पुसून माझ्या ऑफिसातल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला असते, झोपतानाही. डबा रिकामा होता. माझ्याच हातांनी घासलेला. हे लक्षात ठेवा.

सुमन दुसऱ्या दिवशी आली नाही. मोजणी थांबवता येत नव्हती म्हणून मी स्वतः पोत्यावर बसले. लाभ, दोन, तीन... पुलीचा डबा. तोंडाने बरोबर, ओळीत एक कमी. चाव्यांचा, म्हणजे पुली दांड्यावर घट्ट बसवायच्या लोखंडी तुकड्यांचा डबा — एक कमी. आता तर सुमन नव्हती.

नितीन डोकं खाजवत म्हणाला, "काकू, तुमी लाभ म्हणता अन् हात रिकामाच खाली ठेवत असान. म्हणून गिनती एकानं पुढे जाते."

पटण्यासारखं होतं. म्हातारं माणूस, होतं असं. म्हटलं, चल, बुशचा दुसरा, अजून न मोजलेला डबा घेऊ, आणि या वेळी खूण करू. वाटीतलं कुंकू ओलं करून पहिल्या बुशला ठळक टिळा लावला. दोघांना दाखवला. लाभ म्हटलं आणि पोत्याच्या कोपऱ्यात ठेवला. शंकरभाऊ लेथ बंद करून समोर उकिडवा बसला होता. भर दुपार, दार सताड उघडं, पत्रा तापलेला. तिघांचे डोळे पोत्यावर. मी मोजत गेले, मांडत गेले. शेवटचा बुश ठेवला, तोंडातला आकडा कार्डाशी जुळला.

ओळीत एक कमी.

आणि कुंकवाचा बुश नव्हता... कोपऱ्यात त्याच्या जागी दुसराच बुश होता, कोरडा, स्वच्छ. मी पदर झटकला, पोतं झटकलं, डबा उपडा केला. शंकरभाऊने आपले खिसे स्वतःहून उलटे केले.

मला पाणी प्यावंसं वाटलं. ऑफिसात गेले, बीपीची गोळी घ्यायला कपाट उघडलं. गोळ्या सुमनच्या डब्यामागे होत्या. डबा सरकवायला गेले तर सरकेना. जड. झाकण काढलं. आत बुश, बेअरिंग, पुली, चावी... प्रत्येक डब्यातला एकेक नग, नीट रचलेला.

आता ऐका. मला त्या क्षणी काय झालं, ते सांगायलाच हे सगळं लिहिते आहे. मला भीती नाही वाटली. मला आनंद झाला. आदल्या दिवसापासून छातीवर बसलेला दगड उतरला. मी बरोबर होते, ती चोरच होती. मी दारातून ओरडले, रस्त्यावरच्या चहावाल्यालाही ऐकू जाईल असं, "नितीन, सापडलं रे! तिच्याच डब्यात हाय सारं!"

डबा मीच घासला होता, हे डोक्यात आलंच नाही. येऊ दिलं नाही, म्हणा.

दोघं धावत आले. मी डबा टेबलावर ओतला. सगळ्यात वर जो बुश होता तो माझ्या बोटांना चिकटला. बोटं लाल झाली. टिळा अजून ओला होता.

नितीनने माझ्या बोटांकडे पाहिलं आणि विचारलं, "किल्ली कोणाकडे होती, काकू?" मी कमरेला हात लावून दाखवला.

संध्याकाळच्या आत नितीनच्या गाडीवर बसून मी सुमनच्या गावी गेले. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. शेजारच्या चार बाया ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून त्या गप्प झाल्या, म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. गावच्या बचत गटाच्या पेटीची किल्ली सुमनकडे असायची. ती कालच काढून घेतली होती. हे सुमनने नाही सांगितलं, ओट्यावरच्या एका बाईने ऐकवलं.

मी सुमनला आत नेऊन सगळं सांगितलं. तोंडातून कसं निघालं मला आठवत नाही. कामावर ये म्हणाले. हातही धरला. तिने शांतपणे सोडवून घेतला.

"कामाचं राहू द्या, बाई. बाहेर बाया बसल्या हायेत. त्याईले सांगा."

आता काय सांगणार? तिच्या डब्यात सापडलं म्हटलं तर ती कायमची चोर. जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं तर कुणी मानणार नाही. मी ओट्यापुढे उभी राहून म्हणाले, "सामान माझ्या कपाटात सापडलं. किल्ली माझ्याजवळ होती. सुमनवर मी खोटा आळ घेतला."

"मंग तुमीच ठेवून विसरल्या असान," एकजण म्हणाली. "वय झालं का होते तसं." बाकीच्या हसल्या. हसू दिलं. किल्ली तिला परत मिळाली, हे नंतर कळलं.

निघताना सुमन फाटकापर्यंत आली. अगदी साध्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाली, "बाई, एक सांगा. कुंकू लागलं नसतं त्या बुशाले, तर आल्या असत्या का तुमी?"

मी चप्पल पायात घालत राहिले. ती केव्हाच घातलेली होती.

सुमन परत आली नाही. आता मूलच्या एका राइस मिलमध्ये जाते. उरलेली मोजणी आम्ही पूर्ण केली, एकही डबा कमी भरला नाही. बँकेचा माणूस चहा पिऊन गेला. नितीन म्हणतो, काकू, तुम्हीच झोपेत ठेवलं असेल. पण कुंकवाचा बुश तर भर दुपारी, तिघांच्या डोळ्यांदेखत गेला. हा विषय निघाला की शंकरभाऊ लेथ सुरू करतो. मी डॉक्टरला विचारलं, देवळातल्या महाराजांना विचारलं; एकाने गोळी बदलून दिली, दुसऱ्याने नारळ फोडायला सांगितला. दोन्ही केलं. तुमच्यापैकी कुणाला काही कळत असेल तर जरूर सांगा, कारण ते नग कुलपाच्या आत कसे गेले ते मला आजही माहीत नाही.

सुमनच्या प्रश्नाचं उत्तर मात्र फाटकाशीच माहीत होतं. बाजारात भेटली की तीच आधी विचारते, "कशा हा, बाई?" आणि मी वांगी निवडत बसते.