मेहकरच्या बाजारातला समुद्र

आठवडी बाजारात जन्म घालवला की किस्से उकिरड्यासारखे वाढतात. कोण टाकून गेलं, पत्ता लागत नाही. मेहकरच्या बाजारात माझं प्लास्टिकच्या बादल्या-मगांचं दुकान, शेजारी नामदेवचं सुक्या मासळीचं. वासाबद्दल बोलत नाही. दोस्त आहे.

*

नामदेवची पोरगी रेखा शिकून जहाजावर नोकरीला लागली. त्यानं सगळ्या ओळीला पेढे वाटले. पेढ्यालाही बोंबलाचा वास!

"पोरगी भर समुद्रात जाळं टाकते!"

"मंग तुले मासे फुकट!"

"मासे नाही बे. पाण्यातलं प्लास्टिक धरते. बारीक, पिठासारखं."

"त्याच्यासाठी इतक्या दूर काऊन गेली? माह्या दुकानात आली असती!"

नामदेवनं माझ्या हातातला पेढा काढून घेतला.

*

जहाजावर थंडी, म्हणून आईनं रेखाला लाल स्वेटर विणून दिला. एक दिवस जाळ्यात लालच लाल धागे! एवढं प्लास्टिक सापडलं म्हणून जहाजावरचे साहेब खूश. मग त्यांची नजर स्वेटरवर गेली. आजकालची लोकरही प्लास्टिकचीच म्हणे. सगळा नमुना फेकावा लागला. पोरगी फोनवर रडली.

आईनं एवढंच विचारलं, "रंग तं नाही ना गेला?"

*

सुट्टीत रेखानं समुद्राच्या पाण्याची बाटली आणली.

"काका, यात काय दिसते?"

"काहीच नाही."

"मायक्रोस्कोपखाली दिसते."

"मंग त्याच्यातून पाह्यतेच कशाले?"

पोरगी हसली. बाप हसला नाही. त्यानं मूठभर बोंबील कागदात बांधून तिच्या हातात दिले. "हेबी पाह्य."

*

पुढच्या सुट्टीत ती दुकानावर आली. हळूच म्हणाली, "बाबा, बोंबलात सापडलं. थोडंच हाये, पण हाये."

याच बोंबलांवर ती शिकली. घरची चूलही त्यांच्यावरच. मी नामदेवला बाजूला घेतलं. "चूप राह्य बे! गिऱ्हाईकाले सांगाची काय गरज?"

"पोरगी खोटं बोलते काय?"

"तसं नाही, पण..."

त्यानं ऐकलंच नाही. पोतं झटकलं, माल मांडला आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, "घ्या बोंबील! माह्या पोरीनं मशीनवर तपासलेले बोंबील!"

रेखानं मान खाली घातली. एक बाई थांबली. बोंबील उलटापालटा करून पाहिला.

"तपासून काय निंघालं, भाऊ?"

मी डोळे मिटले.

"प्लास्टिक," नामदेव म्हणाला. "पाव देऊ का अर्धा?"