मी काय मागत होतो

आमच्या घरात देव नव्हता. कळव्याच्या दोन खोल्यांत एका फळीवर बुद्धाची मूर्ती होती. आई सकाळी तिच्यासमोर मेणबत्ती लावायची आणि आम्ही सगळे वंदना म्हणायचो. पण मागायचं काही नाही, हे वडिलांनी लहानपणीच बजावलेलं. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी मूर्तीसमोर पुटपुटत होतो, तर म्हणाले, "तिथे कोणी मार्क वाटत नाही. तू लिहिलंयस तेवढंच मिळणार." मला ते पटलेलं. अडतिशी येईपर्यंत पटलेलंच होतं.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज होतो. एखादी पाइपलाइन दुरुस्तीसाठी उघडायची असेल, तर आधी मी खाली प्लान्टमध्ये जाऊन ती रिकामी झालीय का ते बघायचं आणि मगच परमिटवर सही करायची, असा नियम. त्या दुपारी कॉस्टिक सोड्याच्या लाइनचं परमिट आलं तेव्हा मी महिन्याचा रिपोर्ट टाइप करत होतो. ऑपरेटर म्हणाला, "रिकामी केलीय सर." मी खुर्चीतूनच सही केली. 'स्वतः पाहिले' या रकान्यात.

लाइन उघडायला आमचे फिटर गेले. वयाने मोठे, सगळा प्लान्ट त्यांना मामा म्हणायचा. थोड्या वेळातच आरडाओरडा ऐकू आला. मी धावत खाली गेलो तर दोघं जण त्यांना धरून डोळ्यांवर पाणी सोडत होते आणि मामा लहान मुलासारखे ओरडत होते. लाइनच्या वाकलेल्या भागात कॉस्टिक राहिलं होतं, ते उडालेलं. गॉगल त्यांनी कपाळावर सरकवला होता. घामाने त्यावर वाफ धरायची, म्हणून सगळेच सरकवायचे. मीही कधी कोणाला टोकलं नव्हतं.

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा वाचेल, डाव्याचं दहाएक दिवस काही सांगता येणार नाही. मामी आंबिवलीहून आल्या. त्यांनी मला रडतरडत म्हटलं, "साहेब, तुम्हीपण देवाला सांगा हां. ज्याला जमेल त्याने सांगा."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी मी थांबलो. आईने माझ्याकडे बघितलं आणि एकटीनेच पुढचं म्हटलं. त्या संध्याकाळी कंपनीतून निघालो आणि बसस्टॉपजवळच्या छोट्या देवळात शिरलो. आयुष्यात पहिल्यांदा. चपला कुठे काढायच्या तेही कळेना. पुजाऱ्याने तीर्थ द्यायला पळी पुढे केली तर मी डावा हात धरला. "उजवा हो, उजवा," ते म्हणाले. मागच्या बाई हसल्या. मी डोळे मिटून म्हटलं, त्यांचा डोळा वाचू दे. दुसरं काही नको.

त्यानंतर रोज जात राहिलो.

सहाव्या दिवशी कंपनीत चौकशी झाली. मॅनेजरसाहेबांनी मला विचारलं, "परमिट द्यायच्या आधी तुम्ही लाइन बघितली होती?"

"हो सर."

ऑपरेटर खाली मान घालून बसला होता. अहवालात आलं की कामगाराने गॉगल लावला नव्हता, त्यामुळे इजा झाली.

संध्याकाळी पुन्हा देवळात उभा राहिलो. त्यांचा डोळा वाचू दे, असं म्हणत होतो. पण मनात भलतंच चाललेलं. ऑपरेटर कुठे बोलला नाही म्हणजे झालं. डोळा बरा झाला की हे प्रकरण मिटेल, मग कोणी परमिट काढून बघणार नाही. तेव्हा लक्षात आलं, इतके दिवस मी मामांसाठी काहीच मागितलं नव्हतं. त्यांचा डोळासुद्धा मी माझ्यासाठीच मागत होतो. प्रसाद न घेताच बाहेर पडलो.

कपाळावरचं गंध पुसायचं राहिलं. दार वडिलांनी उघडलं. त्यांनी गंध बघितलं आणि दारातून बाजूला झाले. मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

"हे तिथे देवळात सांगितलंस?"

"नाही."

"मामांना?"

"नाही."

"मग रोज जाऊन करत काय होतास?" असं म्हणून ते आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

तरी मी आणखी तीन आठवडे घालवले. तोवर डावा डोळा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मामा घरी आले होते. मग एका रविवारी आंबिवलीला गेलो. मामी चहा घेऊन आल्या तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. मामा काळ्या चष्म्याआडून ऐकत राहिले.

"चौकशीत का नाही बोललात?" त्यांनी विचारलं. "कागदावर माझी चूक लिहिलीय. तीस वर्षं काम केलं मी, साहेब."

मी म्हटलं, कंपनीला लेखी देतो.

मामी म्हणाल्या, "आणि मी तुम्हालाच देवाला सांगायला सांगितलं." आवाज चढवला नाही त्यांनी. चहाचा कप माझ्यासमोरून उचलला आणि आत नेला.

मी लेखी दिलं. कंपनीने माझ्याकडून राजीनामा घेतला. अहवाल मात्र बदलला नाही. चौकशी बंद झालीय म्हणाले. मामांवर ठेवलेला ठपका तसाच राहिला. मी दोनदा पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

हे सांगायला पुन्हा आंबिवलीला गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. मामींनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, "ते झोपलेत." आतून मामांचं खोकणं ऐकू येत होतं. मी बरं म्हटलं आणि निघालो.

आता घरी वंदनेला आईवडिलांच्या मागे बसतो, पण तोंड उघडत नाही. देवळात जायचंही सोडलं. कधीकधी मागावंसं खूप वाटतं. पण पहिला शब्द मनात आला की तो कोणासाठी आहे याची मला खात्री वाटत नाही, आणि मी गप्प बसतो.