मागे न सरकणारी गाडी

आमच्या गाडीला मागे जायचा गेअरच नाही, असं वडिलांनी अमरावतीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "मिलिट्रीची गाडी हाये," ते म्हणायचे, "मिलिट्री मांगं सरकत नसते." ऐकणाऱ्याला ते पटायचं. त्या गाडीकडे एकदा पाहिलं की माणसाला तिच्याबद्दल काहीही पटत असे. खरी गोष्ट अशी की गेअर ठणठणीत होता, मागे सरकता येत नव्हतं ते मला. पण मुलाची अब्रू राखायची तर दोष कोणाच्या तरी माथी मारायला हवा होता, आणि गाडी काही उलटून बोलणार नव्हती.

त्याआधी आमच्याकडे एक छोटी विलायती मोटार होती. इतकी छोटी, की वडिलांना टोपी काढून मांडीवर घेतल्याशिवाय तिच्यात बसता येत नसे. ती मोटार मला पायातल्या चपलेसारखी होती. नजर वळवावी तिकडे ती वळायची, पुढे काय आणि मागे काय. त्यामुळे आपण पट्टीचे ड्रायव्हर आहोत असा माझा पक्का समज झाला होता. अडचण एकच होती. आमचं शेत वलगावच्या पुढे, आणि तिथली वाट काळ्या मातीतली. बैलगाड्यांच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडलेल्या आणि मध्ये उंचवटा. मोटारीचं पोट त्या उंचवट्यावर टेकायचं आणि मोटार तिथेच बसकण मारायची. मग शेतावरून बैलजोडी आणून तिला ओढत न्यावं लागे. हे इतक्या वेळा झालं की पुढे पुढे आमच्या मोटारीचा हॉर्न ऐकला की बैल आपणहून उठून उभे राहायला लागले.

वडिलांना ते फार लागलं. गाडी असून बैलांनी ओढत आणायची, यात त्यांना बैलांचाही अपमान वाटायचा. तेव्हाच अकोल्याचा एक ठेकेदार आपली गाडी विकतो आहे असं कळलं. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या ट्रका लिलावात निघाल्या होत्या. त्यातल्या एकीच्या सांगाड्यावर त्यानं सागवानी लाकडाची आणि पत्र्याची बंद बॉडी बांधून घेतली होती, आत दोन्ही बाजूंना लांब बाकं. आम्ही पाहायला गेलो. वडील तिच्याभोवती दोनदा-तीनदा फिरले, बाजारात गोऱ्हा पाहावा तसे तिच्या पुठ्ठ्यावर थापा मारल्या, खाली वाकून पोट किती उंच आहे ते पाहिलं आणि म्हणाले, "हिले वढायले कोनी येनार नाही." झाला सौदा.

परतताना सोबत माझी धाकटी बहीण होती. अकोल्याला मावशीकडे आली होती, ती आमच्याबरोबर परत निघाली. नुकतीच मॅट्रिक झालेली आणि जिभेला हाड नसलेली. तिच्या टवाळीतून घरातलं कोणी सुटत नसे, आणि मी मोठा भाऊ म्हणून माझा वाटा मोठा होता. तरी घरात माझं सगळ्यात जास्त पटायचं ते तिच्याशीच. आमची आई आम्ही लहान असतानाच गेलेली. एकमेकांशी भांडतच आम्ही दोघं मोठी झालो होतो.

त्या गाडीवर चढून चाकाशी बसलो. समोर एवढं लांबलचक बॉनेट, की रस्ता फार पुढे कुठेतरी सुरू होत होता. क्लचवर पाय ठेवून भागत नसे, जवळजवळ उभं राहावं लागे. चाक रहाटासारखं फिरवत राहायचं, फिरवत राहायचं, मग केव्हातरी गाडीच्या मनात वळायचं यायचं. ते एकदा आलं की मग ते मनातून जायलाही तेवढाच वेळ लागायचा. त्यातून ही गाडी परदेशी फौजेची. तिचं चाक डाव्या बाजूला. वडील मागे बाकावर बसले, आणि उजवीकडून पुढचं काही दिसेना म्हणून बहिणीला उजवीकडच्या जागेवर बसवलं. "समोर कोनी आलं तर सांग," एवढंच तिचं काम.

समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यांना काय दिसत होतं याचा मी विचारच केला नव्हता. ड्रायव्हरनं जिथं बसायचं तिथं दोन वेण्या घातलेली मुलगी, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पुडी, आणि दोन्ही हात शेंगा सोलण्यात गुंतलेले.

"अरे बाप्पा! पोट्टी गाडी चालवून राह्यली!"

"अन् हात सोडून!"

बैलगाड्या भराभर रस्त्याखाली उतरू लागल्या. तिला ते कळलं मात्र, पुढच्या प्रत्येक गाडीला ती दोन्ही हात जोडून नमस्कार करायला लागली. मूर्तिजापूरला एका पोलिसानं शिट्टी मारून आम्हाला थांबवलं आणि तिच्यावरच डाफरला, "काहून वो बाई, हॅन्डल धरता येत नाही का?"

"धरलं असतं," ती म्हणाली, "पन माह्याकडे हॅन्डलच नाही ना."

त्यानं टाचा उंचावून आत डोकावलं. दुसऱ्या टोकाला मी घामाघूम होऊन चाकाला लटकलेला त्याला दिसलो. त्यानं आम्हाला जायला हात केला.

दिवस कापसाचे होते. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली. छोट्या मोटारीच्या सवयीनं मी दोन गाड्यांमधून सर्रास गाडी घालत होतो आणि ती जात होती, पण प्रत्येक गाडीचा थोडा थोडा कापूस सोबत घेऊन. बडनेऱ्याला थांबून पाहतो तर दोन्ही बाजूंच्या पत्र्याला, बिजागऱ्यांना, कड्यांना कापूस लोंबत होता. बहिणीनं एकदा गाडीला फेरी मारली आणि म्हणाली, "दादा, गादी भरली. आता घरी चाल."

घर आमचं गावाच्या जुन्या वेशीच्या, अंबागेटच्या आत, एका बोळाच्या अगदी शेवटी. बोळ तिथंच संपायचा. गाडी आत गेली की निघायचं ते मागे मागेच. छोटी मोटार मी आरामात मागे न्यायचो. मान वळवली की मागच्या काचेतून सगळा बोळ समोर. या गाडीची मागची काच पाटीएवढी, आणि दोन्हीकडे लाकडी भिंती. खिडकीबाहेर डोकं काढावं तर एकच बाजू दिसे. पहिल्याच सकाळी मी गाडी मागे घ्यायला लागलो तेव्हा अख्खा बोळ मदतीला धावून आला. आमच्याकडे कोणी गाडी मागे घेताना दिसला की ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही तोही तिच्यामागे उभा राहून हात हलवू लागतो. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे…" आणि मग 'बस!' हे 'बस' नेहमी आवाज झाल्यानंतर येतं.

तसंच झालं. शेजारच्या मास्तरांची पत्र्याची न्हाणी बोळात थोडी पुढे आलेली होती. तिचा कोपरा वाकून आत गेला. मास्तर आत अंघोळ करत होते.

"कोण आहे?" आतून प्रश्न आला.

मी गाडीतूनच नमस्कार केला. वाकलेल्या पत्र्याच्या फटीतून मास्तरांनीही लोटा धरलेल्या हातानं नमस्कार केला. सभ्य माणूस होता.

त्या दिवसापासून मी मागे जाणं सोडलं. गाडी गेटबाहेरच्या मैदानावर उभी राहू लागली. निघण्याआधी मी कागदावर आखावं तसा रस्ता मनात आखायचो, कुठेही मागे यावं लागू नये असा. एकदा शेताचं वळण बोलण्याच्या नादात मागे राहिलं. तेवढ्या रस्त्यात गाडी फिरवायला जागा मिळेना, म्हणून मी आणि वडील तसेच पुढे गेलो ते थेट दर्यापूरला. तिथे नातेवाइकांकडे जेवलो, चौकात वळसा घातला आणि परत आलो. वडिलांनी त्यांना सांगितलं की सहज भेटावंसं वाटलं. सामानासाठी कधी गाडी बोळात न्यावीच लागली, तर बाहेर काढताना इंजिन बंद करून बोळातले लोक तिला पुढून ढकलायचे आणि मी नुसतं चाक धरून बसायचो. गेअर नसल्याची कहाणी वडिलांनी त्याच काळात तयार केली.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा अकोल्याचा, शाळेत शिक्षक, शांत. पाठवणी कशातून करायची याची चर्चा निघाली तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मी आपल्याच गाडीत जाईन. दारातून बसीन. दादा नेईन."

"अवं, पन ते बोळातून निंघते कशी?" वडील म्हणाले. "चार लोकं लावून धकलू…"

"धकलायची नाही," ती म्हणाली. "सासरचे लोक पाहून राह्यले अन् बोळातले लोक मले घरातून धकलून राह्यले, हे मले चालनार नाही. इंजनावर न्यायची. नाही तं मी जातच नाही."

बोलली चेष्टेनं, पण डोळे चेष्टेचे नव्हते. वडील माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, नेतो.

मग रोज सकाळी कापूस बाजाराच्या रिकाम्या मैदानावर माझी तालीम सुरू झाली. चाक डावीकडे फिरवावं तर गाडीचं शेपूट भलतीकडेच जायचं. ते सावरावं तोवर पुढचं तोंड भटकलेलं असायचं. एका म्हातारीच्या रचून ठेवलेल्या गोवऱ्या मी पाडल्या. तिनं मला माझ्या सात पिढ्यांसकट उद्धरलं आणि मग गोवऱ्या पुन्हा माझ्याकडूनच रचून घेतल्या. एकदा तर मैदानातलं एकुलतं एक कडुलिंबाचं झाड नेमकं माझ्याच मागे आलं. घरी परतलो की बहीण दारातच विचारायची, "आज काय मोडलं?" मी सांगायचो आणि ती पोट धरून हसायची.

लग्न जवळ आलं तसं मला तिचं ते हसणं सहन होईना. ती गेल्यावर असं विचारणारं घरात कोणी उरणार नव्हतं. ती समोर आली की मी उगाचच टायर पाहायला बाहेर जायचो. लग्नाच्या दिवशी तर मी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मांडवातच रडलो असतो आणि तिनं मला जन्मभर चिडवलं असतं.

गाडी आदल्या दिवशीच आचाऱ्याची मोठाली भांडी घेऊन दाराशी आली होती, तोंड आमच्या दाराकडे करून. दुपार कलली. पाठवणीची वेळ झाली. बोळातल्या दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं दाटली. न्हाणीच्या कोपऱ्यापाशी मास्तर स्वतः काठी घेऊन उभे होते. व्याही वडिलांना म्हणाले, "तुमच्या गाडीला मागचा गेअर नाही असं ऐकलं होतं?"

"कालच बसोला," वडील म्हणाले.

उजवीकडच्या जागेवर नवरदेव बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मागे बाकावर, गाडीच्या मागच्या दाराशी बहीण आणि तिची करवली. मी इंजिन चालू केलं, खिडकीबाहेर डोकं काढलं, क्लचवर उभा राहिलो. गाडीनं एक हिसका दिला आणि ती मागे सरकली. लगेच सगळा बोळ ओरडू लागला.

"येऊ दे!"

"नको नको, इकडून मार!"

"डावा! अरे डावा!"

"तुह्या डावा का माह्या डावा?"

त्यात बँडवाल्यांना चेव आला. मास्तर काठी उंचावून काहीतरी सांगत होते ते ऐकूच येईना. मी ब्रेक दाबला. आता लोक पुढे येणार, बॉनेटला हात लावणार, आणि तिला ढकलत घराबाहेर काढणार. दोघं जण बाह्या सावरून पुढे आलेही.

"दादा," मागून तिचा आवाज आला. "कोनाचं आयकू नको. डोकं आत घे. माह्याकडे पाह्य."

मी डोकं आत घेतलं आणि मान मागे वळवली.

ती केव्हाची रडत असावी. मुंडावळ्या गालांना चिकटल्या होत्या. पण ती दाराच्या काचेला चिकटून बसली होती आणि बाहेरचा बोळ नीट पाहत होती. मग माझ्याकडे वळून तिनं हिरव्या चुड्याचा हात उचलला आणि थोडा एका बाजूला केला. मी चाक फिरवलं. गाडीच्या मनात यायचं ते आलं आणि शेपूट तिकडे वळलं. हात सरळ झाला. मी चाक सरळ केलं. बाहेर कोण काय ओरडत होतं ते मला पुढे ऐकूच आलं नाही.

दिवसभर जिच्याकडे पाहायचं टाळलं, तिच्यावरून आता नजर हलवायची सोय नव्हती. हलवली की न्हाणी गेली. डोळे पुसायचे म्हटलं तर दोन्ही हात चाकावर. ती माझं रडणं पाहत होती आणि मी तिचं, आणि मध्येच हुंदका आवरून ती सांगत होती, "मास्तरची न्हानी सुटली… आता थोडी आनखी इकडे… बरोब्बर." शेजारी नवरदेव सरळ पुढे, आमच्या लहान लहान होत जाणाऱ्या दाराकडे पाहत बसले होते.

कुठेही न थांबता, कशालाही न लागता आम्ही तो सगळा बोळ मागे मागे आलो. मला तो आणखी लांब हवा होता.

"आली सडक," ती म्हणाली आणि तिनं हात खाली घेतला.

गाडी रस्त्यावर आली, अकोल्याच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. मी गेअर बदलला, आणि मग मला पुढे पाहावं लागलं.