बाबांनी दिग्दर्शित केलेला राजीनामा

मी आयुष्यात एकदाच राजीनामा दिला आणि त्याचं दिग्दर्शन बाबांनी केलं.

बाबा निवृत्त कारकून. जन्मभर मान खाली घालून फायली सरकवल्या, पण ऑफिस कसं असतं हे ते सिनेमात शिकले! तिथे कुणी काम करत नाही. हिरो टेबलावर राजीनामा आपटतो आणि संध्याकाळी साहेब त्याच्या दारात हजर. ताईच्या लग्नासाठी सदर भागातल्या माझ्या ट्रान्सपोर्ट कंपनीने दोनच दिवस सुट्टी दिली, तेव्हा बाबा कडाडले, "फेक राजीनामा! साहेब घरी येते का नाही, पाह्य तू!"

फेकला. (म्हणजे हळूच ठेवला. वर पेपरवेटही ठेवला, पंखा फार जोरात होता.) दुसरी नोकरी हाताशी नव्हती आणि घरात कमावता मी एकटाच.

संध्याकाळी नंदनवन वस्तीतल्या आमच्या दारात खरंच साहेबांची स्कूटर थांबली! आईने पोहे टाकले. बाबांनी मला आत ओढलं.

"लगेच हो म्हणू नको. हिरो तीनदा नाही म्हणते."

साहेबांनी पोह्यांची बशी हातात घेतली न घेतली तोच मी म्हणालो, "साहेब, मी परत येणार नाही."

"अरे, पण..."

"पगार वाढवला तरी नाही!"

"ऐकून तं घे गा..."

"नाही!"

झाले तीन! मागे बाबा खाकरले, म्हणजे आता हो म्हण.

साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "नको येऊ. अलमारीची चाबी तेवढी दे. तू खिशात घेऊन आला, अन् आमचे लोकं दुपारपासून कुलपापुढं बसून राहिले."

मी खिसा चाचपला. चाबी होती.

बाबा पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. "साहेब, पोराची चूक नाही. म्याच शिकवलं त्याले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकाजी, हात काहून जोडता?" साहेब गडबडले. "चाबी राहू द्या. उद्या यालेच पाठवा, दहाच्या आत."

मी साडेनऊलाच पोचलो.

बाबा आता नाहीत. टीव्हीवर कुणी राजीनामा आपटला की सगळे टाळ्या वाजवतात आणि माझे डोळे भरून येतात.

नोकरी वाचली, पण सुट्टी दोनाची एक झाली. ताईच्या हळदीच्या दिवशी मी ऑफिसात एकटाच ट्रकच्या मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, लिहीत होतो, आणि साहेब आमच्या मांडवात बाबांच्या शेजारी बसून जेवत होते!