गफार सर आणि फाट्याचा नंबर

आज जो माणूस गेला, त्याला मी चार महिने चोर समजत होतो.

नांदेडचे आमचे गफार सर. सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. "अब्बा गेले," एवढंच म्हणाली.

सर एका दुकानावरच्या दोन खोल्यांत पाइप स्ट्रेसचा क्लास घ्यायचे. कारखान्यातला पाइप गरम झाला की कुठं ताणतो, कुठं दाबतो, हे सॉफ्टवेअरवर आधीच कसं तपासायचं ते शिकवायचे.

मी त्याआधी लातूरला मेडिकलच्या क्लासमध्ये दोन वर्षं घालवलेली. तिथं एकाच टॉपर पोरीचा फोटो दोन वेगळ्या क्लासच्या बोर्डांवर पाहिला होता. तेव्हापासून क्लास म्हटलं की मनात शंका. पुढं मेकॅनिकल झालो तरी ती गेली नाही.

सरांच्या क्लासला बोर्डच नव्हता.
मला तेही खटकलं.

पहिला महिना त्यांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. नुसतं कागदावर पाइप काढा आणि नंबर टाका. वळण आलं, नंबर. आधार आला, नंबर. फाटा फुटला, नंबर. त्याला नोड म्हणतात. 10, 20, 30 असे दहा-दहाने द्यायचे, म्हणजे नंतर मध्ये काही घालायचं झालं तर जागा राहते.

"इंजिनिअर होऊन आपण पहिलीतली उजळणी करून राहिलो," मी बाजूच्याला म्हणालो.

मग सरांनी एका कारखान्याच्या नव्या वाफेच्या लाइनचं काम आम्हाला सरावाला दिलं. मॉडेल आम्ही बनवायचं, तपासून सही सर करणार.

आणि दर गुरुवारी दुपारी आमचे कागद पिशवीत घालून सर गायब. विचारलं तर म्हणायचे, "काम हाय."

माझी खात्री झाली. आमच्याकडून काम करून घ्यायचं आणि बाहेर आपल्या नावावर खपवायचं.

हे मी मनात ठेवलं नाही, सांगत फिरलो. दोन पोरं माझ्यामुळे क्लास सोडून गेली. सरांनी त्यांना थांबवलं नाही, कारणही विचारलं नाही. त्यावरून तर माझा संशय पक्काच झाला.

एका गुरुवारी मी त्यांच्या मागे गेलो. एसटीत ते पुढं, मी मागच्या सीटवर, तोंडाला रुमाल बांधून.

सर त्याच कारखान्यापाशी उतरले. मीही गेटवर "सरांचा स्टुडंट" म्हणून आत घुसलो.

पाहतो तर सर शिडीवर. एका हातात माझा कागद, दुसऱ्या हातात खडू. लाइन अजून सुरू झालेली नव्हती. कागद प्रत्यक्ष लाइनशी ताडत त्या थंड पाइपवर ते माझेच नंबर एकेक करून लिहून राहिले होते.

मागं न वळताच म्हणाले, "आलास? एसटीतच दिसला होतास. ह्या फाट्याला किती नंबर दिलास, बेटा?"

"एकशे तीस."

"अन् त्याच्यातून निघणारा पाइप कुठून सुरू केलास?"

"पाचशे दहापासून."

"मग हे दोन जोडले कुठं?"

"स्क्रीनवर जोडलेलेच दिसतात, सर."

"दिसतात. पण सॉफ्टवेअरला डोळे न्हाईत. दोघांचा नंबर एक असंल तरच त्याला जोड कळतो. तुझा रिझल्ट लई चांगला आला, तवाच मला शंका आली."

क्लासवर परत येऊन मी 510 खोडून 130 केला. सगळा हिशेब पुन्हा लावायला रन मारला.

त्या पाइपच्या टोकाला टर्बाइन होतं. त्याच्या तोंडावर झेपणार नाही एवढा जोर येत होता. आणि सोमवारी वाफ सोडायची ठरलेली.

त्या लाइनचा कॉन्ट्रॅक्टर क्लासवर आला. "सही करा, बाकीचं मी पाहतो," म्हणाला.

सर बसल्या जागेवरून म्हणाले, "तिथं माणसं उभी राहणार हायेत. सही न्हाई."

वाफ सोडणं लांबलं. तो जोर जिरवायला लाइनला एक जास्तीचं वळण घालून घेतलं, तेव्हाच सरांनी सही केली. त्या कॉन्ट्रॅक्टरनं त्यांना परत कधी काम दिलं नाही.

नंतर एकदा मी विचारलं, "सर, एवढी शंका कशापायी?"

भूकंपानंतर ते किल्लारीकडे मदतीला गेले होते. विशीतले होते. बेघरांसाठीच्या पत्र्याच्या शेडवर रंगानं नंबर लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. दोन शेडना त्यांच्या हातून एकच नंबर पडला.

"एक म्हातारी आठ दिवस शेजाऱ्यांचं खाऊन राहिली," सर म्हणाले. "त्या नंबरचं धान्य दुसऱ्या शेडला गेलं, अन् यादीत तिचंबी पोचलं होतं. ती भांडायलाबी आली न्हाई. तिला वाटलं, आपल्याला मेलेल्यातच धरलंय."



त्या दिवशी मी कबूल केलं. तुम्हाला चोर समजत होतो, दोन पोरं माझ्या बोलण्यामुळे गेली.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "तू मागं आलास, डोळ्यानं पाहिलंस. ती पोरं नुसतं ऐकून गेली. त्यांना घेऊन ये."

एकाला आणलं. दुसऱ्यानं शेवटपर्यंत माझा फोन उचलला नाही.

संध्याकाळी माती द्यायला नांदेडला पोचतोय.

सर, तुमच्यावर घेतलेल्या संशयाची लाज आजही वाटते. तुम्ही शिकवलेला संशय मात्र मी सोडणार नाही.

मनापासून निरोप.